टपावरचं मचाण, पोटातली बॅटरी

दिवाळी उरकली, कापसाचा पहिला वेचा घरात आला की विदर्भात मुक्कामी फिरण्याचे दिवस सुरू होतात. यंदाच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला. विजेवरची गाडी घेतली आहे. तिच्या टपावर तंबू बसवावा का, आणि तिच्या बॅटरीवर मुक्कामाला काय काय चालेल? जागलीसाठी वावरात मचाण घालणाऱ्या मुलखाला उंचावर झोपण्याचं नवल नाही. पण मचाणाच्या बल्ल्या आपण पारखून घेतो, गाडीच्या टपाची ताकद मात्र कारखान्यातून ठरून येते. निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी विजेवरची लहान एसयूव्ही आहे. दोन माणसांचा ६५ किलोचा तंबू बघून आलो. विक्रेता म्हणतो, ३०० किलो पेलतो. गाडीच्या पुस्तिकेत टपासाठी ७५ किलोच लिहिलं आहे. खरं कोणाचं? (एक वाचक, वरोरा)

उत्तर : दोघांचंही, कारण दोघं वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. पुस्तिकेतला आकडा चालत्या गाडीचा आहे. खड्ड्यात आपटताना, ब्रेक मारताना, वळणावर टपावरचं वजन आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त ओढ देतं, म्हणून ही मर्यादा कमी ठेवलेली असते. बहुतेक गाड्यांत ती ५० ते ७५ किलो असते, काहींत १००. विक्रेत्याचे ३०० किलो म्हणजे तंबूच्या तळाच्या पाट्याची, गाडी उभी असतानाची ताकद. तुमच्या गाडीचं टप तेवढं पेलेल असं त्याने म्हटलेलं नाही, फक्त तसं ऐकू येऊ दिलं आहे.

आता हिशेब मांडा. तंबू ६५ किलो, तो ज्यांवर बसतो त्या टपावरच्या आडव्या दांड्या ६ किलो, झाले ७१. गोधड्या आत ठेवूनच तंबू मिटलात की ७५ चा आकडा ओलांडलात. म्हणजे तुमच्या गाडीला हा तंबू अगदी काठावर बसतो, आणि अंथरूण-पांघरूण डिकीतच न्यावं लागेल. गाडी उभी केल्यावर दोन माणसं धरून वजन सव्वादोनशेच्या घरात जातं. उलगडून बाहेर येणाऱ्या तंबूत त्यातला बराच भार शिडीवर उतरतो. म्हणून शिडीचे पाय भुसभुशीत जमिनीवर टेकवू नका, खाली फळी घ्या.

लोक विसरतात ती दुसरी मर्यादा गाडीच्या एकूण भाराची. गाडी सगळं मिळून ४०० किलो वाहू शकते असं धरा. पाच माणसं ७० च्या हिशेबाने ३५०, तंबू-दांड्या ७१, सामान ५०. बेरीज ४७१. तंबू लावला की प्रवासी तीन, फार तर चार. बॅटरीमुळे या गाड्या मुळातच जड असल्याने इथे हात आखडता घ्यावा लागतो. एक गोष्ट तेवढी आपल्या बाजूची आहे. बॅटरी तळाशी असल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली असतो. १,४०० किलोच्या गाडीचा तो ५५ सेंटीमीटरवर धरला, तर पावणेदोन मीटर उंचीवरचे ६० किलो त्याला पाचेक सेंटीमीटरच वर नेतात. घाटात गाडी उलटणार नाही, पण वळणावर झुकेल, आणि आडव्या वाऱ्यात स्टिअरिंग धरून ठेवावं लागेल.

टपावरच्या रेल्स खऱ्या की शोभेच्या, हे विकत घेण्याआधी सर्व्हिस सेंटरमध्ये भागांच्या आकृतीवरून बघा. नुसत्या चिकटवलेल्या रेल्सही हाताने ओढून हलत नाहीत, तेव्हा ती परीक्षा उपयोगाची नाही. मोठं काचेचं सनरूफ असेल आणि पुस्तिकेत टपभार दिलेलाच नसेल, किंवा टपावर सामान ठेवू नये असं लिहिलं असेल, तर विषय तिथेच संपला.

प्रश्न : तंबू बसवून शंभर किलोमीटर गेलो तर दोन नट ढिले निघाले. शिट्टीसारखा आवाजही येतो. (एक वाचक, परतवाडा)

उत्तर : नट ढिले होण्याची कारणं बहुधा दोन. एक, साधा नट आणि स्प्रिंग वॉशर वापरलेला असतो; तिथे आत नायलॉनची कडी असलेला नट हवा. एकदा उघडलेला असा नट पुन्हा वापरू नका, कडी घासलेली असते. दुसरं, दांडीच्या पायाखालचं रबर पहिल्या काही किलोमीटरमध्ये बसतं आणि पकड सैल होते. म्हणून बसवल्यावर ५० किलोमीटरला एकदा, २०० ला एकदा आणि पुढे दर सहलीच्या सकाळी पाना फिरवायचा. बोल्ट बहुतेक ठिकाणी ८ मिलिमीटरचे असतात. स्टेनलेसचे घ्या आणि किती आवळायचे ते दांडीच्या पुस्तिकेप्रमाणे. जोरात आवळलं म्हणजे पक्कं झालं असं नाही, ॲल्युमिनियमची खाच फाकते.

दोन दांड्यांत ८० ते १०० सेंटीमीटर अंतर ठेवा. जवळ ठेवल्या तर तंबू पुढेमागे डुलतो आणि तोच हिसका नटांवर येतो. चढवताना चार माणसं लागतात. दोघांनी चढवलेल्या तंबूची खूण टपाच्या रंगावर कायमची राहते.

शिट्टी दांडीच्या मोकळ्या खाचेतून येते. सोबत आलेली रबरी पट्टी त्या खाचेत भरा. पट्टी हरवली असेल तर दांडीला सुती दोर तिरका गुंडाळा, आवाज मोडतो.

प्रश्न : नागपूरहून चिखलदऱ्याला तंबू लावून एका चार्जिंगमध्ये पोचता येईल का? गाडी एरवी २८० किलोमीटर जाते. (एक वाचक, काटोल)

उत्तर : नाही. अमरावतीला थांबा.

अंतर अमरावती-परतवाडा मार्गे सुमारे २३० किलोमीटर आहे, त्यामुळे कागदावर जमेल असं वाटतं. पण टपावरचा तंबू वारा अडवतो. तंबूचा आकार आणि तुमचा वेग यांवर पल्ला १० ते २५ टक्के घटतो. कडक कवचाचा, मिटल्यावर १५-२० सेंटीमीटर उंचीचा तंबू कमी खातो. कापडी खोळीतला ३० सेंटीमीटरचा जास्त. २८० मधून पाचवा हिस्सा वजा केलात तर २२४ उरले.

त्यात शेवटी घाट. परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत गाडी साधारण ७०० मीटर वर चढते. माणसं-सामानासह १,७५० किलोची गाडी एवढी उचलायला सव्वातीन युनिट लागतात, मोटरमधली गळती धरून पावणेचार. सपाट रस्त्यावर तेवढ्यात पंचवीसेक किलोमीटर झाले असते. म्हणजे चढाच्या पायथ्याशी पोचताना बॅटरीत निदान २५ टक्के हवेत. अमरावतीला ९० टक्क्यांपर्यंत भरून निघालात तर हॉटेलात सॉकेट मिळालं नाही तरी रात्र निभते.

उतरताना यातलं निम्म्याहून अधिक परत मिळतं, पण बॅटरीत जागा असेल तरच. वर रात्रभर चार्जिंग करून १०० टक्क्यांवर घाट उतरायला घेतलात तर मोटरचा ब्रेक जवळपास लागतच नाही आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. वर ८०-८५ टक्क्यांवर थांबा.

वेगाचं गणित सरळ आहे. दर किलोमीटरला वाऱ्यावर होणारा खर्च वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त. समृद्धीवर १२० ची मुभा आहे म्हणून तंबूसकट १२० ने निघालात तर सव्वादोनपट. तंबू लावलेल्या गाडीला ७५-८० चांगला. आणि सहल संपली की तंबू उतरवून ठेवा. बाजारहाट करताना डोक्यावर ७० किलो मिरवून रोज थोडी थोडी वीज जाळण्यात काय हशील?

प्रश्न : गाडीतून बाहेर वीज घेता येते म्हणतात. चौघांच्या एका मुक्कामाला किती बॅटरी जाईल? इंडक्शन, फ्रीज, अंघोळीचं पाणी सगळं चालेल का? (एक वाचक, हिंगणघाट)

उत्तर : आधी तुमच्या गाडीत ही सोय आहे का ते बघा. नेक्सॉन ईव्हीच्या २०२३ नंतरच्या वरच्या प्रकारांत, कर्व्ह ईव्ही, क्रेटा इलेक्ट्रिक, विंडसर प्रो अशा गाड्यांत ती मिळते. एकाच गाडीच्या स्वस्त प्रकारात नसू शकते. चार्जिंगच्या तोंडाला लावायचं अडॅप्टर बऱ्याचदा वेगळं घ्यावं लागतं. अशा सोयीतून साधारण तीन-सव्वातीन किलोवॉट मिळतात, म्हणजे घरातल्या एका जाड पिनेच्या सॉकेटइतकं. इंडक्शन आणि पाण्याची किटली एकाच वेळी लावलीत तर गाडी पुरवठा तोडेल. आधी वरण, मग चहा.

डिसेंबरातल्या एका रात्रीचा हिशेब असा. ४० लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रीज ४५ वॅटचा, निम्मा वेळ चालतो. चोवीस तासांत अर्धा युनिट. इंडक्शनवर रात्रीचा भात-भाजी आणि सकाळचे पोहे-चहा, एक-सव्वा युनिट. पिण्यापुरतं चार लिटर पाणी उकळणं ०.४. अंघोळीची १५ लिटरची एक बादली १८ अंशांवरून ४० वर न्यायला तेवढंच, ०.४, चार बादल्यांचं १.६. दिवे, मोबाइल, लहान पंखा मिळून ०.३. इथवर चार युनिट.

बरेचजण एक खर्च धरत नाहीत, तो गाडीच्या स्वतःच्या जागं राहण्याचा. बाहेर वीज देत असताना गाडीचे संगणक, पंप, कन्व्हर्टर चालूच असतात आणि तेच दोनेकशे वॅट घेतात. फक्त एक फ्रीज चालावा म्हणून दहा तास पुरवठा सुरू ठेवलात तर फ्रीज पाव युनिट खातो आणि गाडी दोन युनिट! एकूण सहा युनिट झाले. ४५ युनिटच्या बॅटरीत ते १३ टक्के, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरचा पल्ला.

उपाय असा की संध्याकाळी दोन तास पुरवठा सुरू करून स्वयंपाक उरका आणि त्याच वेळी ५०० वॅट-तासांचा लिथियम पॉवर बॉक्स भरून घ्या. रात्रभर फ्रीज, दिवा आणि २५ वॅटचा पंखा त्या बॉक्सवर ठेवा, गाडी झोपू द्या. झोपेत श्वासाचं मशीन लागणाऱ्यांनीही बॉक्सच वापरावा. गाडीचा पुरवठा ठरलेल्या टक्क्यांना आपोआप बंद होतो. ती मर्यादा पडद्यावर जाऊन परतीच्या अंतराप्रमाणे ठेवा, आली तशी राहू देऊ नका.

प्रश्न : मग याच पुरवठ्यावर वावरातली मोटर चालवता येईल का? लाइन नसते तेव्हा ओलित अडतं. (एक वाचक, दारव्हा)

उत्तर : तीन फेजची मोटर तर नाहीच. एक फेजची ३ एचपीची मोटर चालताना अडीच-तीन किलोवॉट घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. गाडी तो देणार नाही, लगेच पुरवठा बंद करेल. अर्ध्या एचपीची टाकी भरायची मोटर कधी चालते, कधी सुरुवातीलाच अडते.

याच्या पुढची गोष्ट जिवाची आहे. गाडीची वीज दोन्हीकडे पिन असलेल्या वायरने घरातल्या सॉकेटमध्ये घालून 'अख्खं घर चालवायचं' असा प्रकार काही जण करतात. मेन स्विच चुकून चालू राहिला तर ती वीज डीपीतून उलटी वर जाते, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. गाडीच्या अडॅप्टरला थेट उपकरण लावायचं, घराची वायरिंग नाही.

प्रश्न : बॅटरी ७८ टक्के असताना सकाळी गाडी उघडेना, सुरू होईना. रात्री डिकीतल्या सॉकेटवर फ्रीज होता. कंपनीत न्यावी लागली. (एक वाचक, आर्वी)

उत्तर : तुमची मोठी बॅटरी ठणठणीत होती, लहान मेली. विजेवरच्या गाडीतही एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. कुलूप, पडदा आणि मोठी बॅटरी गाडीला जोडणारा स्विच, हे सगळं तिच्यावर चालतं. गाडी बंद असताना बहुतेक गाड्यांत तिला मोठीकडून सतत भर मिळत नाही. ४० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मेच निर्धास्त वापरता येतात. फ्रीज सरासरी दोन ॲम्पिअर घेतो, म्हणजे दहा तासांत खेळ आटोपला.

पुढच्या खेपेला टो गाडी बोलवायची गरज नाही. किल्लीतली लोखंडी चावी काढून दार उघडा, बॉनेट उघडा, आणि पुस्तिकेत दिलेल्या टोकांना दुसऱ्या गाडीवरून किंवा खिशातल्या जंप-स्टार्टरवरून १२ व्होल्ट द्या. गाडी जागी झाली की लहान बॅटरी ती स्वतः भरून घेते. उलट, दुसऱ्याची डिझेल गाडी सुरू करून द्यायला आपली विजेवरची गाडी लावू नका. स्टार्टरचा झटका तिच्या कन्व्हर्टरला सोसत नाही.

प्रश्न : शेतातल्या घरी सॉकेटवर चार्जर लावला की लाल दिवा लुकलुकतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, अर्थिंगच्या पिनेला न्यूट्रल जोडून देतो, लगेच चालेल. करावं का? (एक वाचक, मेहकर)

उत्तर : अजिबात नको. चार्जर चालेल, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण त्यानंतर कधी न्यूट्रलची तार तुटली किंवा सॉकेटमध्ये सैल झाली, तर गाडीच्या अख्ख्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील आणि ओल्या जमिनीवर उभं राहून दार उघडणाऱ्याला ते लागतील.

मीटर घेऊन तीन मापं काढा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. फेज-अर्थही जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ९० ते १२० असं तरंगतं काहीतरी दाखवत असेल तर पिनेला अर्थिंग नाहीच, तार कुठेतरी हवेत आहे. शेतघरांत बहुतेकदा हेच निघतं.

नवं अर्थिंग करायला एका दिवसाचं काम आहे. अडीच-तीन मीटर लांब, ४० मिलिमीटरचा भोकं पाडलेला जीआय पाइप खड्ड्यात उभा करा, भोवती मीठ आणि लोणारी कोळशाचे थर द्या, वर पाणी ओतायला नरसाळं ठेवा आणि ८ नंबरची जीआय तार थेट सॉकेटपर्यंत आणा. रोध ५ ओहमच्या खाली यायला हवा. काळी जमीन ओली असताना अर्थिंगला फार चांगली. पण मार्चपासून तिला भेगा पडतात, मातीचा पाइपाशी संबंध सुटतो आणि चार्जर पुन्हा रुसतो. म्हणून उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या नरसाळ्यात. मुरमाड किंवा खाली पाषाण लागणाऱ्या जागी एका पाइपाने भागत नाही, तीनेक मीटरवर दुसरा टाकून दोन्ही जोडावे लागतात.

अंगणातून गाडीपर्यंत लांब वायर नेणार असाल तर तिची जाडी बघा. ३० मीटर अंतर आणि १३ ॲम्पिअर धरले, तर १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत १४ व्होल्ट आणि १८० वॅट वायर तापवण्यातच जातात. तीच वायर गुंडाळलेली राहिली तर आतून वितळते. अडीचच्या वायरीत सहा व्होल्ट, चारच्या वायरीत साडेतीन. अडीचच्या खाली जाऊ नका, आणि वायर पूर्ण उलगडून टाका. साध्या दुकानातला सहा ॲम्पिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड या कामाचा नाही.

रात्री शेजारच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज १८० पर्यंत पडतं आणि चार्जर थांबतो. चार्जरवर किंवा ॲपमध्ये प्रवाह ८-१० ॲम्पिअर करता येत असेल तर तसा करा. वेळ लागेल, पण सकाळपर्यंत गाडी भरलेली असेल. मोटरीच्या कृषिपंप जोडणीवर गाडी चार्ज करणं मात्र टाळा. जोडणी ज्या कामासाठी घेतली त्याव्यतिरिक्त वापर म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर. घरगुती मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला हरकत नाही.

प्रश्न : ताडोब्याच्या जंगलात गाडी उभी करून टपावर झोपता येईल का? (एक वाचिका, यवतमाळ)

उत्तर : नाही. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेशच नाही, हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ठरलेलं आहे. मुक्काम ताडोब्यात मोहर्ली, पेंचला सिल्लारी, मेळघाटात कोलकास, सेमाडोह अशा नेमून दिलेल्या संकुलांतच. राखीव वनात कडेला गाडी लावून चूल पेटवलीत तर १९२७ चा वन कायदा आडवा येतो, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा तर वणव्याचा हंगाम. जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या कुंपण असलेल्या रिसॉर्टला किंवा ओळखीच्या शेतकऱ्याला आधी विचारा, त्याच्या अंगणात तंबू उघडा.

टपावर आहोत म्हणून जनावरापासून सुरक्षित आहोत, असं मनात आणू नका. पावणेदोन मीटर बिबट्याला एका उडीचं काम आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली गाडी लावू नका. पहाटे फुलं खायला अस्वल येतं आणि त्याला तुमच्या तंबूचं काही सोयरसुतक नसतं.

प्रश्न : उन्हाळ्यात तंबूत झोपणं शक्य आहे का? गाडीचा एसी वर नेता येईल का? (एक वाचक, तुमसर)

उत्तर : गाडीचा एसी टपावरच्या तंबूत पोचत नाही. खिडकीतून नळी काढायचे उद्योग करून फक्त मच्छर आत येतात. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिले आहेत. अशा दिवसांत तापलेला तंबू रात्री दहापर्यंत भट्टीच असतो.

तरी झोपायचंच असेल तर तंबूवर ७५ टक्के सावलीची हिरवी शेडनेट ताणा, पण कापडाला चिकटवून नाही, वर फूटभर मोकळी जागा सोडून. वारा मधून वाहिला तरच फायदा. आणि आपला कूलर विसरू नका. दीड-दोनशे वॅटचा लहान कूलर आठ तासांत सव्वा ते दीड युनिटच्या आसपास खातो आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो. तो टपाच्या उंचीवर न्यायला लोखंडी स्टँड लागेल, म्हणून कूलरवाल्यांना जमिनीवरचा तंबू सोपा. मृगाचा पाऊस पडला, हवा दमट झाली, की कूलर निरुपयोगी. त्यापेक्षा मागची सीट पाडून गाडीतच गादी टाका आणि एसी २६ वर ठेवा. रात्रभरात पाच-सहा युनिट जातील. विजेवरच्या गाडीत धूर नसल्याने रात्रभर एसी लावून झोपण्यात विषबाधेचा धोका नाही. काही गाड्या अर्ध्या तासाने आपोआप बंद होतात, मुक्कामाचा मोड आहे का ते आधी घरी तपासा.

मेच्या संध्याकाळी आणि फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत तंबू उघडा ठेवून फिरायला जाऊ नका. वावटळीत साइडची ताडपत्री दांड्यांसकट उपटली जाते. वीज कडाडायला लागली तर तंबूतून उतरून गाडीत बसा, काचा वर घ्या, धातूला हात लावू नका. बंद गाडीचा पत्रा वीज बाहेरून जमिनीत नेतो. तंबूचे बांबू ते करत नाहीत. बाहेर काढलेली वायर आणि चार्जर आधीच काढून ठेवा. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते मोबाइलमध्ये असू द्या.

प्रश्न : जमिनीपेक्षा टपावर साप-विंचवाची भीती कमी ना? थंडीत शेगडी आत घ्यावी का? (एक वाचिका, साकोली)

उत्तर : साप-विंचवाचं म्हणणं बरोबर आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश दुखतही नाही, पहाटे पोटात कळ आणि पापण्या जड झाल्यावर लक्षात येतं. टपावरच्या तंबूचा विदर्भातला सगळ्यात मोठा फायदा आम्हाला हाच वाटतो. पण चपला शिडीखाली सोडू नका, पिशवीत घालून वर घ्या. रात्री उतरताना आधी टॉर्चचा झोत खाली मारा. दंशाची नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा, मांत्रिकाकडे नाही.

शेगडी मात्र तंबूत कधीच नाही, विझत आलेली तर त्याहून नाही. निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय मारतो. नागपुरात २०१८ च्या २९ डिसेंबरला पारा ३.५ वर उतरला होता, तशी थंडी असेल तर १२ व्होल्टची विजेची चादर घ्या, पण ती पॉवर बॉक्सवर लावा, गाडीच्या लहान बॅटरीवर नाही. ५० वॅटची चादर आठ तासांत अर्धा युनिटही खात नाही.

प्रश्न : पांदणीतून वावरात न्यायची तर बॅटरीला धोका? (एक वाचक, घाटंजी)

उत्तर : बंडीच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा बघा. तिथला गोटा आणि पऱ्हाटीची उभी खुंटं बॅटरीच्या तळाला लागतात. एक चाक उंचवट्यावर, एक काठावर असं चालवा. ओल्या काळ्या जमिनीत जाऊच नका. जड गाडी रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, आणि ट्रॅक्टरवाला साखळी तळाला कुठेही अडकवतो. टोइंगचा हूक गाडीसोबत येतो, तोच आधी लावून ठेवा. वाहत्या नाल्यात गाडी घालणं तर नकोच. बॅटरी पाण्यात बुडवून तपासलेली असते ती प्रयोगशाळेच्या स्थिर पाण्यात.

मुक्काम वावरात असेल तर गाडीत शेंगदाणे, पोहे, चिवडा रात्रभर उघडा ठेवू नका. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात. सकाळी निघण्याआधी बॉनेट उघडून बघा. मोठ्या बॅटरीची नारिंगी वायर कुरतडलेली दिसली तर हात न लावता कंपनीला फोन.

प्रश्न : तंबूला काळे डाग पडलेत. (एक वाचक, गोंदिया)

उत्तर : बुरशी. ओला मिटून दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवला की येते. उन्हात पूर्ण उघडा, मऊ ब्रशने कोरडं झाडा, एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी लावून अर्ध्या तासाने पुसा. ब्लीच नको, कापडाचं जलरोधक आवरण जातं. डाग फिके होतील, जाणार नाहीत. गादीखाली जाळीची चटई घाला. झोपेतल्या श्वासाचं पाणी खाली साचतं, पहिली बुरशी तिथेच धरते.

प्रश्न : एवढ्या भानगडीपेक्षा गावच्या ताडपत्रीवाल्याकडून साधा तंबू शिवून घेतला तर? (एक वाचक, उमरखेड)

उत्तर : आमचंही मत त्याच बाजूने झुकतं, विशेषतः वर्षाला चार-पाच रात्रींसाठी. टपावरचा तंबू नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच सुखाचा आणि वर तसाच ठेवला तर पल्ला मात्र बारा महिने खातो. गाडीच्या मागच्या दाराला जोडणारा छपरासारखा आडोसा शिवून घ्या. छपराला २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम) ताडपत्री आणि तिन्ही बाजूंना मच्छरदाणीची जाळी. माप अडीच मीटर बाय दोन मीटर ठेवा. पुढच्या दोन कोपऱ्यांना पितळी डोळे दुहेरी शिवायला सांगा, एकेरी डोळे पहिल्या वाऱ्यात निघतात. गाडीच्या बाजूची कड मागच्या दाराच्या रबरात दाबायला दहा मिलिमीटरचा नायलॉन दोर शिवणीत घालून घ्या, म्हणजे टपाला एकही भोक पाडावं लागणार नाही. आत दोघं गाडीतल्या गादीवर, दोघं खाटेवर. खाट घरची असेल तर पाय मोजून न्या. डिकीत मावत नाही हे मुक्कामाच्या आदल्या रात्री कळतं.